दूरचे यंत्र आणि जवळची सही

दूर असलेल्या वस्तूचा कारभार आपण बसलो आहोत तेथून चालवावा लागणे, ही गोष्ट मध्यप्रदेशातील जुन्या मराठी कुटुंबांना मुळीच नवी नाही. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत वैनगंगेच्या खोऱ्यात आले. १८५३ मध्ये ते राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा अस्तित्वात आला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी शेजारचा भंडारा मुंबई राज्यात व बालाघाट मध्यप्रदेशात अशी वाटणी झाली. कोणाचे शेत सीमेच्या एका बाजूस राहिले, तर कोणाचे कुलदैवत दुसऱ्या बाजूस. मग मुखत्यारपत्रे झाली, मनीऑर्डरी झाल्या, ‘किल्ली शेजारच्या काकूंजवळ ठेवली आहे’ असे पोस्टकार्डावर लिहिणे झाले. दुरून कारभार करावयाचा म्हणजे कोणास किती अधिकार द्यावयाचा आणि कोणता अधिकार कधीच द्यावयाचा नाही, याचे शिक्षण आपल्या घराण्यांना तीन-चार पिढ्यांपासून मिळत आले आहे.

तेव्हा या अंकासाठी आम्ही निवडलेला विषय वाचून कपाळास आठ्या घालणाऱ्या वाचकांनी क्षणभर थांबावे, अशी विनंती आहे. विषय आहे तो ब्राउझरमधून दूरचा संगणक चालविण्याचा, आणि तो चालेनासा झाला म्हणजे काय करावे याचा. हा विषय वरवर यंत्राचा दिसतो. परंतु त्यात मुखत्यारपत्र आहे, किल्ली आहे आणि शेजारच्या काकूही आहेत.

प्रथम ही सोय काय आहे, ते पाहू. दूरच्या संगणकाच्या पडद्याचे चित्र तारांवरून आपल्या पडद्यावर येते, आणि आपण दाबलेली कळ व हलविलेला माउस उलट वाटेने तिकडे जातो. काम सगळे तिकडेच होते. इकडे येते ते केवळ चित्र. या कल्पनेस मोठा मजेदार पूर्वेतिहास आहे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ मध्ये काही संशोधकांनी कॉफीच्या भांड्यासमोर एक कॅमेरा बसविला. कारण एवढेच, की कोणी जिने चढून जावे आणि भांडे रिकामे निघावे, असे वारंवार होई. ती व्यवस्था उभारणाऱ्यांपैकी एक असलेले क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर पुढे त्याच गावातील दुसऱ्या एका प्रयोगशाळेत दूरचा संगणक चालविणाऱ्या ‘व्हीएनसी’ या प्रणालीच्या निर्मितीतही होते. ती १९९८ च्या सुमारास सर्वांसाठी खुली झाली. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टनेही आपली ‘आरडीपी’ ही पद्धत आणली. मात्र या दोन्हींसाठी इकडच्या संगणकावर सहसा वेगळा कार्यक्रम बसविला जाई. पुढे ब्राउझर इतके समर्थ झाले, की त्यातच हे चित्र रंगविता येऊ लागले. क्रोम रिमोट डेस्कटॉप २०११ मध्ये आले. २०१० च्या सुमारास आरंभ झालेली आणि पुढे अपाचे प्रतिष्ठानाच्या छत्राखाली गेलेली ‘ग्वाकामोली’ ही प्रणाली तर मधल्या एका सर्व्हरवर राहते आणि साध्या ब्राउझरला दुभाषासारखी सेवा देते. ग्वाकामोली हे मुळात मेक्सिकोतील एका चटणीचे नाव. सरकारी कार्यालयाच्या टिपणीत ‘चटणीमार्फत जोडणी’ असे लिहिण्याची पाळी आमच्यावर आली नाही, हे आमचे भाग्य.

आता प्रत्यक्ष प्रसंग. २० मार्च २०२० रोजी मध्यप्रदेशातील कोरोनाचे पहिले रुग्ण जबलपुरात आढळले. आमची शेवटची नेमणूक त्याच शहरात होती आणि निवृत्तीस थोडाच काळ उरला होता. शनिवार-रविवारसाठी आम्ही लामत्यास मातोश्रींकडे आलो आणि तेथेच अडकलो. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागू झाली. तो दिवस गुढीपाडव्याचा होता. दारात गुढी उभी होती, रस्ता निर्मनुष्य होता आणि आमच्या डोक्यात एक फाईल होती.

आमच्या कार्यालयातील एक शिपाई फेब्रुवारीत निवर्तला होता. त्याच्या पत्नीच्या कुटुंब-निवृत्तिवेतनाचे प्रकरण आमच्या मेजावर होते. पगार बंद झालेला, निवृत्तिवेतन सुरू झालेले नाही, दोन मुले शाळेत, आणि बाहेर सारे बंद. ती बाई आठवड्यातून एकदा फोन करी आणि एवढेच विचारी, “साहब, कागज आगे बढ़े क्या?” तिने कधी तक्रार केली नाही, म्हणून तो प्रश्न अधिक जड वाटे. सेवापुस्तिकेची छायाचित्रे, हिशेबाचे तक्ते आणि प्रकरण तयार करण्याचा कार्यक्रम हे सगळे जबलपूरच्या आमच्या खोलीतील संगणकात होते. कार्यालयातील तरुण संगणक-सहायकाने मधल्या सर्व्हरवर व्यवस्था करून आम्हांस एक पत्ता आणि पासवर्ड दिला व म्हणाला, “सर, ब्राउझर खोलिए, बस.” त्या ‘बस’ या शब्दात आमचे पुढचे तीन आठवडे सामावले होते.

लामता हे बालाघाट-नैनपूर लोहमार्गावरचे, साग आणि बांबूच्या वनांनी वेढलेले गाव. अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी २०१५ पर्यंत येथून जात असे. गावाजवळ वैनगंगेवर इंग्रजी काळातले ढूटीचे धरण आहे आणि त्याच्या नहरेवर खालच्या भागातील धानाची शेती पिकते. नोकरीची पहिली काही वर्षे आम्ही सिंचन खात्यात काढली. तेथे एका वृद्ध अमिनाने आम्हांस जी गोष्ट शिकविली, तीच या संगणकाच्या प्रकरणी कामास आली. नहरेच्या शेवटच्या टोकाच्या, म्हणजे ‘टेल’च्या शेतकऱ्याची पाणी पोहोचत नसल्याची तक्रार आली, की नवखा कारकून थेट धरणाकडे धावे. अमीन तसे करीत नसे. तो सायकलीने नहरेच्या मधोमध जाई आणि तेथे पाणी आहे का ते पाही. असेल तर दोष खाली, नसेल तर वर. मग उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा मध्य. तीन-चार फेऱ्यांत फुटलेला बांध किंवा कोणी रात्री उघडलेला कुलाबा सापडे. “आधी पाणी कुठपर्यंत आलं ते पहा, मग ओरडा,” हे त्याचे सूत्र होते.

ब्राउझरपासून दूरच्या संगणकापर्यंतची वाटही अशीच एक नहर आहे. आपला संगणक, आपले इंटरनेट, मधला सर्व्हर, कार्यालयातील जाळे आणि शेवटी टेलचे शेत म्हणजे तो दूरचा संगणक, असे तिचे टप्पे.

पहिल्या दिवशी पाणी धरणातूनच सुटेना. पत्ता टाकताच ब्राउझरने ‘जोडणी सुरक्षित नाही’ अशी लाल सूचना दाखविली. लामत्याच्या घरातील संगणक जुना होता. त्याच्या आतील नाण्याएवढी बॅटरी संपल्यामुळे वीज गेली, की त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाई. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर ‘अमुक दिनांकापासून अमुक दिनांकापर्यंत वैध’ असे लिहिलेले असते. संगणकाच्या मते ते वर्ष अजून उजाडलेच नव्हते, तेव्हा प्रमाणपत्र वैध कसे असेल? तारीख दुरुस्त केली आणि दार उघडले. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. अशी लाल सूचना आली म्हणजे ‘तरीही पुढे जा’ ही कळ दाबण्याचा मोह होतो, तो आवरावा. आधी घड्याळ पाहावे, मग पत्त्यातील अक्षरे पाहावीत, आणि दोन्ही बरोबर असूनही सूचना हटत नसेल तर व्यवस्था करणाऱ्या माणसास विचारावे.

दुसऱ्या दिवशी पासवर्ड स्वीकारला गेला, परंतु पुढे काळा पडदा. अमिनाचे सूत्र येथे लागू पडले. पासवर्ड स्वीकारला जातो, याचा अर्थ आपले इंटरनेट ठीक आहे आणि मधला सर्व्हर जागा आहे. पाणी मध्यापर्यंत आलेले आहे. दोष खाली आहे. कार्यालयाच्या चौकीदारास फोन केला. तो खोलीत जाऊन म्हणाला, “साहब, डब्बे की बत्ती बुझी है.” संगणक निद्रिस्त झाला होता. चौकीदाराने कळ दाबली आणि आमच्या लामत्याच्या पडद्यावर जबलपूरची खोली अवतरली. झोपेची व्यवस्था बंद केली. तरीही वीज गेली, की तो डबा बंद पडे आणि परत आली तरी बंदच राही. संगणकाच्या मूळ व्यवस्थेत ‘वीज परतल्यावर आपोआप सुरू व्हावे’ अशी एक निवड असते. पण ती दुरून करता येत नाही, त्यासाठी यंत्रासमोरच बसावे लागते. म्हणून त्या चौकीदारास आम्ही रोज सकाळी दहा वाजता फोन करीत असू. त्याच्यावाचून हे सारे व्यर्थ होते.

तिसरी व्याधी तुटण्याची. चित्र येई, पाच मिनिटे टिके आणि गोठे. आमचे इंटरनेट मोबाइलचे, आणि त्याचा जोर घराच्या मागच्या ओसरीत बरा. अशा वेळी वेग किती, यापेक्षा ओघ अखंड आहे का, हे महत्त्वाचे. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात सतत उघडी राहणारी एक नळी असते. ती क्षणभर तुटली तरी सत्र पडते. उपाय साधे निघाले. दूरच्या पडद्यावरचे शोभेचे चित्र काढून टाकले, रंगांची खोली कमी केली, पडद्याचा आकार लहान केला आणि ब्राउझरची अन्य पाने मिटली. सत्र पडले तरी तिकडचे काम नष्ट होत नाही, ते तिथेच उघडे राहते, हे समजल्यावर मनाचा अर्धा ताप उतरला. मात्र तेवढ्यात दुसऱ्या कोणी त्याच खात्याने प्रवेश केला, तर पहिला बाहेर फेकला जातो. साध्या विंडोजमध्ये एका वेळी एकासच आसन असते.

चौथी गोष्ट आपल्या भाषेची आहे. आमच्या कार्यालयात हिंदी मजकूर कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टंकित होई. घरच्या संगणकावर आम्ही मराठीसाठी युनिकोडची इन्स्क्रिप्ट कळपट्टी ठेवलेली. परिणामी आम्ही ‘पत्नी’ लिहावे आणि तिकडे भलतीच चिन्हे उमटावीत. कारण शोधता कळले, की दोन्ही टोकांस दुभाषे बसले होते. इकडचा देवनागरी करून पाठवी आणि तिकडचा त्याला इंग्रजी कळ समजून पुन्हा देवनागरी करू पाही. नियम असा निघाला, की दुभाषा एकच असावा आणि तो दूरच्या टोकास असावा. इकडची कळपट्टी इंग्रजीवर ठेवली आणि अक्षरे शुद्ध झाली. याच वर्गातली आणखी एक गोष्ट म्हणजे जोडकळा. तिकडचा कागद मिटावा म्हणून कंट्रोल व डब्ल्यू दाबले, तर इकडचे ब्राउझरचे पानच मिटते, कारण ती आज्ञा आधी ब्राउझर ऐकतो. तिकडे नक्कल उतरत नसेल, तर ब्राउझरने क्लिपबोर्डाची परवानगी मागितली होती का, ते पाहावे.

एप्रिल सरता सरता प्रकरण तयार झाले. सेवेचे तपशील जुळले, हिशेब दोनदा पडताळले. उरली होती ती सही. आणि येथे येऊन सारी विद्या थांबली.

डिजिटल सहीचे टोकन म्हणजे बोटभर लांबीची एक वस्तू. ती संगणकात खोचून गुप्त अंक टाकावा लागतो. आमचे टोकन आमच्या खिशात लामत्यास होते, आणि सही करण्याचा कार्यक्रम जबलपूरच्या संगणकात. ब्राउझर चित्र नेतो, कळ नेतो. इकडे खोचलेले टोकन तिकडे नेत नाही. बरे, टोकन तिकडे पाठवून तिथल्या संगणकात खोचले असते तरी आरडीपीने उघडलेल्या सत्रास ते दिसत नाही. असे सत्र टोकन शोधते ते चालविणाऱ्याच्या बाजूस. प्रत्यक्ष पडदाच वाटून घेणारी दुसऱ्या प्रकारची व्यवस्था वापरली, तर ते दिसू शकते. सहायकाने तीही वाट सुचविली. टोकन कोणाबरोबर तरी पाठवावे, चौकीदाराने खोचावे, आम्ही येथून अंक टाकावेत. त्याचा हेतू शुद्ध होता. बाईचा फोन त्यालाही येत होता.

मातोश्री शेजारी बसून हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, जबलपूरचा डबा इथून हालते म्हणतोस, मग त्या बाईसाठी एक सही नाही होत इथून?”

प्रश्न रास्त होता. चित्र, कळ, कागद, हिशेब हे सर्व दुरून चालते, मग सहीच का नाही? २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४२ व्या कलमात असे सांगितले आहे, की सहीची खाजगी किल्ली ज्याची आहे त्याने ती आपल्या ताब्यात राहील अशी योग्य काळजी घेतली पाहिजे. कलम नसते तरी गोष्ट तीच होती. रिकाम्या खोलीत खोचून ठेवलेली सही म्हणजे कोऱ्या कागदावर केलेली सही. आज एका विधवेच्या भल्यासाठी जी वाट मोडली, ती उद्या कोणाच्या वाईटासाठी मोकळी राहते. आणि अशा बोगस मंजुरीत बुडतो तो बहुधा अशाच एखाद्या बाईचा पैसा. आम्ही मातोश्रींना म्हटले, “आई, किल्ली शेजारी ठेवता येते, पण अंगठा कुणाजवळ ठेवता येत नाही.” त्या काही वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मग तू जा.”

मे महिन्यात प्रवासाचा परवाना मिळाला. टोकन खिशात घालून भाड्याच्या गाडीने आम्ही जबलपुरास गेलो, तोंडास फडके बांधून खोलीत बसलो आणि सही केली. काम पाच मिनिटांचे होते, कारण बाकी सर्व लामत्याहून झालेले होते. जूनमध्ये बाईच्या खात्यात पहिली रक्कम जमा झाली. दुरून काम झाले नसते, तर कार्यालय नीट उघडेपर्यंत आणखी कित्येक आठवडे गेले असते. आणि सहीही दुरून उरकली असती, तर आम्हांस ते प्रकरण आज इतक्या मोकळेपणाने येथे सांगता आले नसते.

हा भेद आज घरोघरी लागू आहे, म्हणून एवढे विस्ताराने लिहिले. आपली मुले पुणे, बंगळूर किंवा सातासमुद्रापलीकडे आहेत आणि आपण लामता, वारासिवनी, सिवनी येथे. वडिलांचा संगणक मुलगा तिकडून दुरुस्त करतो, हे मोठेच सुख आहे. परंतु जे दार मुलासाठी उघडते, तेच चोरासाठीही उघडते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्क या दूर-नियंत्रणाच्या ॲपचा आधार घेऊन होणाऱ्या लुबाडणुकीबद्दल बँकांना सावध केले होते. त्या ॲपमध्ये खोट नव्हती. चोराने खातेदाराकडून त्याचा अंक मिळवावा आणि त्याचा फोन आपल्या पडद्यावर पाहावा, अशी ती रीत होती. त्यानंतर ‘डिजिटल अरेस्ट’चे भूत आले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना आकाशवाणीवरून लोकांस सांगावे लागले, की अशी अटक कायद्यात नाही.

आम्ही आमच्या घरी एक कागद संगणकाशेजारी चिकटविला आहे. त्यात प्रथम विचारावयाचा प्रश्न असा: फोन कोणी कोणास केला? आपण मुलास फोन करून मदत मागितली असेल, तरच अंक द्यावा. ज्याने आपल्यास फोन केला त्यास, तो बँकेचा असो, पोलिसाचा असो की संगणक कंपनीचा, देऊ नये. क्रोमच्या व्यवस्थेत बारा आकडी अंक पाच मिनिटांत बाद होतो; चोर घाई करतो त्याचे एक कारण हेही असते. दूरचा माणूस जोडलेला असताना बँकेचे पान उघडू नये, मग तो पोटचा मुलगा का असेना. काम संपल्यावर जोडणी तोडली गेली का, ते स्वतः पाहावे. आणि काही विपरीत घडलेच तर लाजेने गप्प न बसता १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या तासात कळविले तर पैसा वाटेत अडविण्याची आशा असते.

त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूस जोडणी न झाल्यास पाहावयाचे टप्पे लिहिले आहेत: घड्याळ, इंटरनेट, पासवर्ड, तिकडची बत्ती, कळपट्टी. पाणी कुठपर्यंत आले ते आधी पाहावे, मग मुलास फोन करावा. मुलांसही एक विनंती आहे. आईवडिलांच्या संगणकाचा पासवर्ड तुमच्याजवळ आहे, हे ठीक. परंतु त्या गल्लीतील एखाद्या विश्वासू शेजाऱ्याचा फोन क्रमांकही तुमच्याजवळ असू द्या. बत्ती विझली आहे की नाही, हे शेवटी कोणीतरी खोलीत जाऊनच पाहावे लागते.